लहान दवाखाने, नर्सिंग होम आणि कायद्याची कामं: नियम नेमका कोणाला माहीत हवा?

कुळागर, फोंडा

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यातल्या एका लहान नर्सिंग होमचं ऑफिस मी सांभाळते. डॉक्टर नाही, वकीलही नाही. परवाने, त्यांची नूतनीकरणं, रजिस्टरं, तपासणीला येणारे अधिकारी, हे सगळं शेवटी माझ्या टेबलावर येतं. डॉक्टर, सिस्टर, लॅबवाले, फार्मसीवाले, रुग्णांचे नातेवाईक, सगळ्यांनीच इथे लिहावं म्हणून हा धागा.

गोव्यात पंधरा-वीस खाटांचा दवाखाना चालवायचा तर राज्याचा २०१९ चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आला. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आले. सोनोग्राफी असेल तर १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा, आपण सगळे पीसीपीएनडीटी म्हणतो तो. एक्स-रे असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना. फार्मसी असेल तर औषध प्रशासन. शिवाय जन्म-मृत्यूची नोंद, क्षयरुग्णांची नोंद, अग्निशमनाचा दाखला, आणि कामावर दहा माणसं झाली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती. ही यादी बहुतेक डॉक्टरांना ठाऊक असते. ती इथे पुन्हा घोकायची नाही.

मला बोलायचं आहे ते वेगळ्याच गोष्टीवर. कागदावर जबाबदार म्हणून नाव मालक डॉक्टरांचं, आणि नियम पाळला किंवा मोडला जातो तो भलत्याच माणसाच्या हातून. वापरलेली सुई पांढऱ्या डब्यात पडली की लाल पिशवीत, हे रात्रपाळीची सिस्टर किंवा आया ठरवते. गरोदर बाईच्या सोनोग्राफीआधी भरायच्या फॉर्म एफवर पत्ता अर्धवट राहिला तर तो रिसेप्शनवरच्या मुलीने अर्धवट लिहिलेला असतो. केसपेपर कपाटात आहे की नाही, हे फक्त जुन्या वॉर्डबॉयला सांगता येतं. या माणसांना आपण काम दाखवतो. त्या कामामागचा नियम काय, तो का केला, मोडला तर काय होतं, हे कोणी सांगत नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी मात्र सगळ्यांना ओरडा बसतो.

ज्याच्या हातून नियम पाळला जातो त्याला तो त्याच्या भाषेत माहीत हवा, एवढंच माझं ठाम मत आहे. तुमच्या जागी तुम्ही हे कसं करता ते लिहा. कचऱ्यापासून सुरुवात करूया, कारण तो सगळ्यांकडेच आहे.


परिचारिका, साखळी

कुळागरताई, अगदी मनातलं लिहिलंत. बरीच वर्षं वॉर्डात काम केलंय, म्हणून कचऱ्यावर मीच लिहिते.

चार रंग सगळ्यांना पाठ असतात. पिवळा, लाल, पांढरा, निळा. घोळ होतो तो मधल्या वस्तूंचा. रक्ताने भिजलेला कापूस, बँडेज पिवळ्यात, हे सोपं. मुदत संपलेल्या गोळ्याही पिवळ्यातच, हे अर्ध्या लोकांना ठाऊक नसतं, त्या सरळ कचराकुंडीत जातात. सलाइनची नळी, कॅथेटर, हातमोजे, सुई काढलेली सिरिंज लाल. औषधाच्या काचेच्या कुप्या निळ्या. आणि जे जे टोचतं, कापतं ते पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात. रुग्णाच्या डब्यातला उरलेला भात यातल्या कशातच नाही, तो साध्या कचऱ्यात. पिवळी पिशवी भाताने भरली की तिचं वजनही आपणच मोजून देतो आणि पैसेही आपणच.

पण माझ्या लेखी सगळ्यात मोठा नियम रंगांचा नाही, सुई टोचण्याचा आहे. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं हे २०१६ च्या नियमांत मालकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. सिस्टरला लस मिळते. सफाईला ठेवलेल्या बाईला मिळते का? ती कंत्राटदाराची माणूस, असं उत्तर येतं. नियमात कंत्राटदाराची माणसं वगळलेली नाहीत. कामावर घेताना आणि नंतर वर्षातून एकदा प्रशिक्षण, वर्षातून एकदा आरोग्य तपासणी, हेही तिच्यासाठी आहेच.

सुई टोचली की मुली लपवतात. ओरडा बसेल म्हणून, आणि रक्ताच्या तपासणीत काही निघालं तर नोकरी जाईल म्हणून. मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगते: साबण-पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, आणि लगेच सांगायचं. एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्या शक्यतो दोन तासांत सुरू व्हाव्यात. ७२ तास उलटले की त्यांचा उपयोग नाही. लपवण्यात गेलेली रात्र परत मिळत नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने अशा वेळी प्रतिबंधक उपचाराची सोय करणं ही संस्थेची जबाबदारी ठरवली आहे आणि संसर्गाच्या कारणावरून कामावरून काढायला बंदी आहे. हे वाक्य प्रत्येक ड्रेसिंग रूममध्ये लावायला हवं.


दंतवैद्य, म्हापसा

प्रश्न विचारतो. माझा एका खुर्चीचा दवाखाना. खाटा नाहीत. माझ्या दोन मित्रांचं म्हणणं की खाटा नसतील तर प्रदूषण मंडळाची परवानगी लागत नाही. खरं का? आणि दाताच्या लहान एक्स-रे मशीनला परवाना लागतो का? विकणाऱ्याने काहीच सांगितलं नव्हतं.


कुळागर, फोंडा

डॉक्टर, लागते. २०१६ चे नियम खाटांच्या संख्येवर थांबत नाहीत. एका खोलीचा दवाखाना, लॅब, रक्तपेढी, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथिक इस्पितळ, जनावरांचा दवाखाना, रक्तदान शिबिर, सगळे त्यात आहेत. फरक इतकाच की खाटा नसलेल्यांना परवानगी एकदाच घ्यावी लागते, दर काही वर्षांनी नूतनीकरण नाही. अर्ज गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, साळगावला. त्यासोबत कुंडईच्या, सगळ्यांचा कचरा घेणाऱ्या सामायिक प्रक्रिया केंद्राशी करार लागतो, म्हणजे त्यांची गाडी तुमच्याकडे येते आणि पिशव्यांवर बारकोड लागतो.

परवानगी एकदाच म्हणून काम एकदाच असं मात्र नाही. मागच्या जानेवारी ते डिसेंबरचा वार्षिक अहवाल, फॉर्म ४, दर वर्षी ३० जूनच्या आत द्यावा लागतो. नोंदी पाच वर्षं जपायच्या. माझ्या ओळखीतल्या कित्येक लहान दवाखान्यांना नोटीस येते ती कचरा वाईट टाकल्याबद्दल नव्हे, हा अहवाल न भरल्याबद्दल. रोज वजन लिहिलं असेल तर तो भरायला फार वेळ लागत नाही. रोज लिहिलं नसेल तर जूनमध्ये बसून आकडे रचावे लागतात, आणि रचलेले आकडे कुंडईच्या नोंदींशी जुळत नाहीत.

दाताच्या एक्स-रेला परवाना लागतोच. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा या संकेतस्थळावर नोंदणी करून. विकणाऱ्याने सांगितलं नाही म्हणून सुटका होत नाही. मशीन वापरणारा म्हणून नाव तुमचं आहे.


काणकोणकर (लॅब टेक्निशियन)

दक्षिणेकडून एक अडचण मांडतो. रक्ता-मांसाचा पिवळ्यातला कचरा प्रक्रियेविना ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, असा नियम. काणकोणहून कुंडई लांब. पावसाळ्यात घाटात झाड पडलं किंवा सलग सुट्ट्या आल्या की गाडी चुकते. नियमाप्रमाणे ७५ किलोमीटरच्या आत सामायिक केंद्र असेल तर स्वतःची भट्टी लावायलाही मनाई. मग मधले लोक काय करतात? काही जण मागच्या बाजूला पुरतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि मला ते सहन होत नाही, कारण त्याच उतारावर खाली लोकांच्या विहिरी आहेत.

करायचं काय ते नियमातच लिहिलेलं आहे. उशीर होणार असेल तर कचऱ्याचा लोकांना किंवा पर्यावरणाला त्रास होणार नाही अशी काळजी घ्यायची आणि कारण लिहून प्रदूषण मंडळाला कळवायचं. गाडी आली नाही की मी त्याच दिवशी केंद्राला आणि मंडळाला ईमेल करतो, प्रत फाईलला लावतो. असे ईमेल सगळ्या तालुक्यांतून गेले तर गाडीचा मार्ग तरी बदलेल. गप्प बसून पुरलं तर कधीच बदलणार नाही.

लॅबवाल्यांना आणखी एक सांगतो. कल्चरच्या प्लेटा, रक्ताचे नमुने, रक्ताच्या पिशव्या आपल्याच जागी आधी निर्जंतुक करून मगच पिशवीत घालायच्या आहेत. गाडीत चढवणारा माणूस त्या उघड्या हातांनी उचलतो, हे लक्षात ठेवा.


सुरंगी (रेडिओलॉजिस्ट)

सोनोग्राफीबद्दल लिहायलाच हवं, कारण सगळ्यात जास्त भीती तिथेच आहे आणि सगळ्यात जास्त गैरसमजही.

प्रत्येक गरोदर स्त्रीच्या प्रत्येक तपासणीला फॉर्म एफ. महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत. नोंदी किमान दोन वर्षं, आणि खटला चालू असेल तर तो संपेपर्यंत. गर्भाचं लिंग सांगितलं जात नाही अशी पाटी इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत. नोंदणीचा दाखला दिसेल असा भिंतीवर. कायद्याची प्रत दवाखान्यात, कोणी मागितली तर दाखवायला. नवं मशीन, नवा डॉक्टर, नवी जागा यांपैकी काहीही बदलायचं असेल तर ३० दिवस आधी कळवायचं. आणि एका डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच केंद्रांवर नोंदणी. गोव्यासारख्या लहान राज्यात रेडिओलॉजिस्ट मोजके, म्हणून सकाळी एकीकडे, दुपारी दुसरीकडे, संध्याकाळी तिसरीकडे अशी गळ अनेकजण घालतात. तिसरीकडे जायचं नाही, मग तो कितीही जुना मित्र असो.

माझे बरेच सहकारी म्हणतात की कारकुनी चुकांसाठी डॉक्टरला गुन्हेगार ठरवणं अन्यायाचं आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना हेच घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली होती. मे २०१९ मध्ये न्यायालयाने ते मान्य केलं नाही. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं की या कायद्यात फॉर्म हाच पहारा आहे. बंद खोलीत काय बोललं गेलं याला साक्षीदार नसतो. तपासणी का केली, कोणी पाठवलं, काय दिसलं, हे लिहिलेलं असेल तरच नंतर कोणाला काही ताडून पाहता येतं. सुरुवातीला मलाही हा निकाल कडक वाटला होता. पण देशातल्या कित्येक जिल्ह्यांत मुलींचं प्रमाण कसं घसरत गेलं ते पाहिल्यावर पटतं की रिकामी सोडलेली एक ओळ निरुपद्रवी नसते.

कुळागरताईंच्या मुद्द्याला धरून: फॉर्मची पहिली बाजू माझी रिसेप्शनिस्ट भरते. तिला मी कायद्याची गोष्ट सांगितली, कलमं नाही. हा कायदा कशासाठी आला, त्याआधी काय चालायचं, हे सांगितलं. तेव्हापासून ती पत्ता अर्धा घेत नाही, ओळखपत्र पाहते, आणि कुणी बाहेर बाकावर हळूच "मुलगा की मुलगी कळेल का" विचारलं तर पाटीकडे बोट दाखवून स्पष्ट नाही म्हणते. माझ्या सहीपर्यंत येणारा फॉर्म तिने आधीच नीट केलेला असतो.


वकीलबाब, पणजी

चर्चा चांगली चालली आहे, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो. कर्मचाऱ्यांना शिकवा, जरूर शिकवा. पण शिकवलं म्हणून जबाबदारी त्यांच्यावर गेली असं कोणा मालकाने समजू नये. कचऱ्याच्या नियमांत मालक किंवा चालक जबाबदार. सोनोग्राफीत केंद्राचा मालक आणि तपासणी करणारा डॉक्टर. ग्राहक न्यायालयात इस्पितळ आपल्या नर्सच्या चुकीलाही उत्तर देतं. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे १९९५ च्या व्ही. पी. शांता खटल्यापासून ठरलेलं आहे आणि २०१९ चा नवा कायदा आल्यावरही ते बदललेलं नाही. "सिस्टरला सांगितलं होतं" हा बचाव म्हणून उभा राहत नाही. सांगितल्याची नोंद, प्रशिक्षणाच्या हजेरीची सही, हे असेल तर निष्काळजीपणा नव्हता एवढं दाखवायला मदत होते.

दुसरी गोष्ट नोंदीच्या वेळेची. घटना घडली तेव्हाच लिहिलेली ओळ आणि नोटीस आल्यावर त्याच शाईत सलग लिहिलेलं पान यांतला फरक न्यायाधीशांना कळतो. लिहायचं राहिलंच असेल तर "उशिरा केलेली नोंद" असं म्हणून आजची तारीख, वेळ घालून लिहा. जुन्या ओळीवर खाडाखोड करू नका, एक रेघ मारून बाजूला सही करा. खोडलेल्या कागदामुळे बरोबर असलेला उपचारही संशयात येतो.

जन्मठेपेची भीती घालणाऱ्या व्हॉट्सॲप संदेशांवर मात्र विश्वास ठेवू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) मध्ये नोंदणीकृत डॉक्टरच्या निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास कमाल शिक्षा दोन वर्षं आणि दंड अशी आहे. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाप्रमाणे फौजदारी कारवाईला ढोबळ निष्काळजीपणा दिसावा लागतो आणि तपास अधिकाऱ्याने आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यायचं असतं.


अबोली

मी डॉक्टर नाही, रुग्णाची मुलगी. बाबांना एका खासगी इस्पितळात ठेवलं होतं. पुढचा सल्ला घ्यायला गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात, जायचं म्हणून केसपेपरच्या प्रती मागितल्या. काउंटरवर सांगितलं, डॉक्टर आले की बघू. मग सांगितलं, बिलाचा हिशेब पूर्ण झाला की. मग म्हणे, असे कागद देत नाहीत, डिस्चार्ज कार्ड पुरे. काउंटरवरची मुलगी वाईट नव्हती. तिला खरंच वाटत होतं की कागद इस्पितळाचे आहेत. त्या दिवसांत आम्हाला हे सगळं फार जड गेलं. कोणी तरी सांगा, हक्क नक्की काय आहे?


वकीलबाब, पणजी

अबोलीताई, हक्क स्पष्ट आहे. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारनियम म्हणतात की दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायच्या, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्या तर मागणीची पोच देऊन ७२ तासांच्या आत द्यायच्या. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये आणलेले नवे नियम त्याच महिन्यात स्थगित झाले, त्यामुळे २००२ चेच लागू आहेत. प्रतींचा खर्च घेता येतो. बिल थकलं म्हणून कागद अडवता येत नाहीत, मृतदेहही अडवता येत नाही. पुढच्या वेळी तोंडी मागू नका. एका कागदावर लिहून द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. न मिळाल्यास तक्रार गोवा वैद्यक परिषदेकडे.

दवाखान्यांना सल्ला: तीन वर्षं हा किमान आकडा धरा. ग्राहक तक्रारीची मुदत दोन वर्षं असली तरी लहान मुलांच्या आणि पोलीस केसच्या नोंदी बऱ्याच जास्त काळ ठेवाव्यात.


कुळागर, फोंडा

अबोलीताई, तुमच्या अनुभवातली काउंटरवरची मुलगी हाच माझा मुद्दा आहे. तिला ७२ तासांचा नियम कोणी सांगितला असता तर तुमचे हेलपाटे वाचले असते. आमच्याकडे आता अर्जाचा छापील नमुना काउंटरवरच ठेवला आहे, खाली पोच फाडून देतात. कोणालाही डॉक्टरांची वाट बघावी लागत नाही.


पेडण्याचा डॉक्टर

किनारपट्टीवर जनरल प्रॅक्टिस करतो. आमचे प्रश्न थोडे निराळे.

परदेशी पर्यटक दाखल करून घेतला तर त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याला ऑनलाइन द्यावी लागते. हॉटेलवाल्यांना हे पाठ असतं. लहान नर्सिंग होमना वाटतं की ते फक्त हॉटेलांसाठीच. २०२५ च्या इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायद्यात इस्पितळं आणि नर्सिंग होम यांचा उल्लेख थेट आहे. अपघात होऊन रात्री आलेला रशियन मुलगा असो की पोटदुखीने आलेली इंग्लंडची आजी, पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत घेणं रात्रपाळीच्या माणसाला सांगून ठेवा. उपचार मात्र आधी. कागद मिळेपर्यंत थांबायचं नाही. तातडीच्या रुग्णाला पोलिसांच्या औपचारिकतेसाठी थांबवता येणार नाही हे १९८९ पासून सर्वोच्च न्यायालयाचं सांगणं आहे.

संमतीपत्राची भाषा हा दुसरा. आमच्याकडे सगळी संमतीपत्रं इंग्रजीत. सही करणारी पेडण्याची आजी मराठी वाचते. बांधकामावरचा कामगार कन्नड किंवा हिंदी बोलतो, त्याला वाचता येईलच असं नाही. २००८ च्या समीरा कोहली निकालात न्यायालयाने म्हटलं आहे की संमती म्हणजे उपचार काय, त्यातला धोका काय, दुसरा पर्याय काय, न केल्यास काय, हे पुरेसं सांगून घेतलेली संमती, आणि तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेला चालत नाही. न समजलेल्या कागदावरची सही या कसोटीवर कशी टिकणार? मी मराठी, कोकणी आणि हिंदी नमुने करून घेतले. वाचता न येणाऱ्याला वाचून दाखवतो आणि कोणी, कोणत्या भाषेत समजावलं ते लिहून त्या माणसाची सही घेतो. वेळ लागतो. पण असं बोलणं झाल्यावर रुग्ण जे प्रश्न विचारतो, त्यातून कधी कधी औषधाची ॲलर्जीही कळते, जी आधी विचारून सांगितलेली नसते.

आता ज्यावर मला खरोखर मदत हवी आहे ते. सतरा वर्षांची मुलगी गरोदर म्हणून आईसोबत येते. आई हात जोडते, पोलिसांत जाऊ नका. मी काय करायचं?


वकीलबाब, पणजी

डॉक्टर, पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलीशी झालेल्या लैंगिक गुन्ह्याची माहिती देणं बंधनकारक आहे, मुलीची संमती होती की नव्हती याने फरक पडत नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. पण आईची भीतीही कायद्याने ऐकली आहे. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव, ओळख सांगण्याची गरज नाही. गर्भपाताच्या कायद्यातही गोपनीयता आहे आणि अल्पवयीन मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. म्हणजे मुलीला परत पाठवायचं नाही, उपचार नाकारायचे नाहीत, आणि कळवायचंही टाळायचं नाही. आईला हे शांतपणे समजावून सांगा. नाही तर ती मुलीला घेऊन कुठल्या तरी भोंदूकडे जाईल, आणि तिथे मुलीचा जीव जाऊ शकतो. गोव्याचा स्वतःचा २००३ चा बाल कायदाही आहे, तोही वाचून ठेवा.


मडगावची फार्मसिस्ट

फार्मसीचं थोडक्यात. शेड्यूल एच-१ मधली औषधं, म्हणजे ताकदीची काही अँटिबायोटिक्स, क्षयरोगाची औषधं, ट्रॅमाडॉल वगैरे, वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायची: डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं. तीन वर्षं ठेवायचं. नर्सिंग होममधून रात्री वॉर्डबॉय चिठ्ठीशिवाय येतो, "सिस्टरने मागितलंय" म्हणतो. मी देत नाही. सिस्टर रागावते. तिला कोणी तरी सांगा की मी तिला अडवत नाही, उद्या अँटिबायोटिक लागू पडायला हवं म्हणून थांबते. क्षयाची औषधं विकणाऱ्यालाही २०१८ पासून रुग्णाची नोंद कळवणं बंधनकारक आहे, फक्त डॉक्टर आणि लॅबला नाही.


डिचोलीकर

सगळ्यांचं वाचलं. माझं मत कटू वाटेल. हे सगळं एकट्या डॉक्टरला झेपणारं नाही. माझ्या काकांनी खेडेगावात चाळीस वर्षं दवाखाना चालवला, आता बंद केला. मुख्य कारण हे कागद. मोठ्या इस्पितळांना नियम पाळायला वेगळा विभाग ठेवता येतो, गावच्या डॉक्टरने कुठून ठेवायचा? दवाखाने बंद झाले की म्हातारी माणसं तापासाठी बांबोळी गाठणार का?


कुळागर, फोंडा

दादा, यात कटू काही नाही, खरं आहे. तुमच्या काकांसारखे डॉक्टर जाणं हे गावाचं मोठं नुकसान आहे. प्रत्येक खात्याचं वेगळं संकेतस्थळ, वेगळा पासवर्ड, तीच माहिती पुन्हा पुन्हा, हे शासनाने एकत्र करावं अशी मागणी डॉक्टरांच्या संघटनांनी लावून धरायला हवी, आणि तालुक्याच्या आरोग्य केंद्रात वर्षातून एकदा लहान दवाखान्यांसाठी मदतीचा दिवस ठेवायला हवा. पण नियम कमी करा या मागणीला माझा पाठिंबा नाही. लसीचा नियम सैल केला तर भोगणार सफाईवाली. फॉर्म एफ सैल केला तर भोगणार न जन्मलेली मुलगी. मोठ्या इस्पितळाएवढा विभाग लागत नाही. एका खोलीच्या दवाखान्याला तारखांची एक वही आणि ती वाचणारा एक माणूस लागतो.


दंतवैद्य, म्हापसा

कुळागरताई, साळगावला अर्ज केला, ई-लोरावर नोंदणीही सुरू केली. देव बरें करूं. रात्रपाळीसाठी तुम्ही लावलेला कागद असेल तर इथे टाका ना, माझ्या असिस्टंटसाठी त्यातून उचलतो.


कुळागर, फोंडा

टाकते. आमचा मराठीत आणि कोकणीत आहे, कन्नडमध्ये एका कर्मचाऱ्याच्या बहिणीने करून दिला. मजकूर असा:

"सुईला टोपण परत लावू नका, कटरमध्ये तोडून पांढऱ्या डब्यात. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद. रक्त लागलेलं पिवळ्यात, प्लास्टिक लालमध्ये, काच निळ्यात, जेवण साध्या डब्यात. पिशवीवर बारकोड नसेल तर बाहेर देऊ नका. वजन आत्ताच लिहा, सकाळी नाही. सुई टोचली तर धुवा आणि ड्यूटी डॉक्टरला उठवा, कोणीही रागावणार नाही. परदेशी रुग्ण असेल तर उपचार आधी, पासपोर्टची प्रत नंतर. केसपेपर मागितला तर अर्ज द्या, पोच द्या. गाडी आली नाही तर ऑफिसला फोन, कितीही वाजले तरी."

खाली माझा आणि डॉक्टरांचा फोन नंबर आहे.


परिचारिका, साखळी

छान आहे ताई. दोन गोष्टी घाला. साखर तपासायच्या मशीनची लॅन्सेट, म्हणजे बोटाला टोचायची बारीक सुई, पांढऱ्या डब्यात, ती नेहमी कापसाबरोबर पिवळ्यात जाते आणि पिशवी उचलणाऱ्याच्या मांडीला टोचते. आणि रक्त सांडलं तर आधी हातमोजे घालून कापडाने झाका, वर हायपोक्लोराइट (जंतुनाशक ब्लीचचं पाणी) ओता, थांबा, मग पुसा. नुसत्या पाण्याने पुसलं की ते सगळ्या लादीवर पसरतं.


कुळागर, फोंडा

दोन्ही घातल्या. लॅन्सेटची ओळ सगळ्यात वर घेतली. नवा कागद उद्या तिन्ही भाषांत छापून घेते आणि रात्रपाळी बदलताना स्वतः वाचून दाखवते.